चेहरा माझा, बाकीचं तुझं

नवरा-बायकोने एकत्र काम करू नये असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असायचं: आमच्या घरी या आणि बघा. असायचं म्हणते, कारण आता कुणी आलं तर मी दार उघडणार नाही.

मी फोटोग्राफर, नवरा चित्रकार. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण कलेवरून आमचं कधी वाजलं नाही. ओल्या टॉवेलवरून वाजलं, गॅस कुणी बंद करायचा यावरून वाजलं, त्याच्या मावसभावाच्या लांबलेल्या मुक्कामावरून तर चांगलं दणकून वाजलं. कलेवरून मात्र नाही. याचं सगळं श्रेय मी आमच्या समजूतदारपणाला देत आले. खरं कारण फार साधं होतं. तो घराच्या पुढच्या खोलीत रंगवायचा, मी गल्लीच्या टोकाला माझ्या स्टुडिओत फोटो काढायचे, आणि कोण काय करतंय हे दुसऱ्याला कळायचंच नाही.

आता माझं काम म्हणजे काय? पासपोर्टचे फोटो, शाळांचे वर्गवार फोटो आणि एका सोफेवाल्याचे सोफे. नवऱ्याची चित्रं लागतात गॅलरीत. उद्घाटनाला मी चांगले कपडे घालून त्याच्या बाजूला उभी राहते, हसते, आणि कुणीतरी विचारतंच, "तुम्ही काय करता?" मी म्हणते, "फोटो काढते." मग तो माणूस म्हणतो, "वा, छंद चांगला आहे." छंद म्हणे. चाळीस पोरांना एका वेळी डोळे उघडे ठेवायला लावून दाखवा, मग छंद म्हणा.

तर माझी इच्छा एवढीच होती की एकदा, फक्त एकदा, गॅलरीत माझ्या हातचं काहीतरी लागावं. लोकांनी त्याच्यासमोर थांबावं. आणि चित्रकाराची बायको म्हणून नाही, तर फोटोग्राफर म्हणून मला कुणीतरी ओळखावं. यात काही फार मागितलं असं मला वाटत नाही.

आणि संधी चालून आली. गॅलरीवाल्या बाई स्वतः घरी आल्या. त्यांचा चष्मा गळ्यात साखळीला लटकलेला असतो. बोलायचं असलं की चष्मा डोळ्यांवर, ऐकायचं असलं की खाली. मी तो खाली फारसा पाहिलेला नाही.

"या वेळी मी जोडप्यांचं प्रदर्शन करतेय," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जोडप्याचं एकच मोठं काम, पण दोघांनी मिळून केलेलं. मला दोघांचे हात दिसले पाहिजेत. एकाने रंगवलं आणि दुसऱ्याने चहा करून दिला, असलं चालणार नाही."

"अहो, आमचं तर अगदी ठरलेलंच आहे," मी म्हणाले.

काहीही ठरलेलं नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला न विचारता त्याची किडनी देऊन टाकली. पण बाई खाली उतरून गाडीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. मी एक फोटो काढणार. तो मोठ्या कॅनव्हासवर फिकट करड्या रंगात छापून आणणार, माणसाच्या उंचीचा. आणि त्याच कॅनव्हासवर नवरा रंगवणार. चेहरा मात्र फोटोच राहील. त्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे चेहरा माझा, बाकीचं तुझं," मी म्हणाले.

"बाकीचं म्हणजे पडदे आणि खुर्ची?"

"अरे, तू जगातला सगळ्यात सुंदर पडदा काढतोस."

स्तुती केली की तो विरघळतो. ठरलं.

आता फोटो कुणाचा? घरात एकच माणूस असं होतं जे खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर न हलता बसतं. माझ्या सासूबाई. त्या एक स्वेटर विणतात. कुणासाठी ते कुणालाच माहीत नाही, विचारलं की म्हणतात, "ज्याला बसेल त्याला."

सासूबाई एका पायावर तयार झाल्या, पण अटी घालून. चष्मा काढणार. केस आदल्या दिवशी धुणार. आणि फोटोत स्वेटर हवाच. मी दिवे लावले, पडदा अर्धा ओढला आणि म्हणाले, "अहो आई, माझ्याकडे बघू नका. विणत राहा."

"चष्म्याशिवाय मला टाके दिसत नाहीत."

"मग विणल्यासारखं करा."

"विणल्यासारखं करायला मी काय सिनेमात आहे?" असं म्हणून त्यांनी विणायला घेतलंच, आणि व्हायचं तेच झालं. टाका सुटला. त्यांनी मान खाली घालून, कपाळाला आठ्या घालून त्या टाक्याकडे असं काही पाहिलं की माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

तो फोटो मी संगणकावर उघडला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं होतं त्या चेहऱ्यात. राग, हट्ट, म्हातारपण, आणि एवढ्याशा टाक्याशी चाललेलं भांडण. इतक्या वर्षांत इतका चांगला फोटो मी काढला नव्हता. नवऱ्याने पाहिला आणि हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "आई अशीच आहे."

छापायला मी गेले बॅनरवाल्याकडे. हा माणूस दुकानांच्या पाट्या, दंतवैद्यांचे बोर्ड, असलं काय काय छापतो. मशीन मोठं, मन त्याहून मोठं. माझा फोटो त्याच्या पडद्यावर उघडला आणि तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"ताई," आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"आजी..."

"अरे, आहेत की त्या. घरी आहेत."

"बरोबर आहे ताई. आपल्यासाठी ती माणसं घरातच असतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मागे लोक थांबले होते आणि मला घाई होती, म्हणून म्हटलं, जाऊ दे, छापून तर देतोय. ही माझी पहिली चूक.

कॅनव्हास घरी आला, पुढच्या खोलीत उभा राहिला, आणि नवऱ्याने कामाला सुरुवात केली. पहिले दिवस दृष्ट लागावी असे गेले. पडदा निळा झाला, खुर्चीला लाकडाचा रंग चढला, आणि मधोमध माझा करडा चेहरा, जसाच्या तसा. मी स्टुडिओत जाताना बघायची, येताना बघायची. गॅलरीत पोहोचल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी घरी आले आणि दारातच थबकले.

"कान गुलाबी का आहे?"

"मान रंगवली," नवरा ब्रश पुसत म्हणाला. "मग कान करडा कसा ठेवणार? मेल्यासारखा दिसत होता."

"कान चेहऱ्यात येतो."

"कान मानेत येतो. बाजूला असतो तो."

"बाजूला असतो म्हणजे? चेहऱ्याच्या बाजूला असतो ना?"

"मग केससुद्धा चेहऱ्याच्या बाजूला असतात. केस मी रंगवलेच आहेत, तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"आई," मी खिडकीकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. कान चेहऱ्यात येतो की नाही?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "कान माझा आहे," त्या म्हणाल्या. "दोघांनीही लांब राहा."

कानावरून आम्ही जेवताना भांडलो, भांडी घासताना भांडलो, दुसऱ्या दिवशी फोनवर भांडलो. शेवटी कान त्याला दिला. ही दुसरी चूक. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. कानाच्या मागोमाग गाल "थोडासा उबदार" केला. गालाबरोबर नाक गेलं, कारण नाक दोन्ही गालांच्या मध्ये असतं, हे त्याने मला समजावून सांगितलं. शाळांच्या फोटोंचे दिवस होते, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका रविवारी उठून पाहते तर अख्खा चेहरा तेलरंगात.

"माझं काय उरलंय यात?" मी विचारलं.

त्याने जवळ जाऊन शोधलं. प्रामाणिक माणूस आहे, शोधलं हे खरं. "उजव्या डोळ्याची बाहुली," तो म्हणाला. "वरची अर्धी."

"गॅलरीवाल्या बाईंना अर्धी बाहुली दाखवू?"

"अगं, तुझा फोटो खाली आहेच की. तो पाया आहे. घराचा पाया कधी दिसतो का?"

त्यावर मी काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा खरं तर माणसाने घाबरायला पाहिजे. मी त्या चित्रावर माझे स्टुडिओतले दिवे लावले, त्याचा अतिशय सुरेख फोटो काढला आणि बॅनरवाल्याकडून त्याच मापाच्या नव्या कॅनव्हासवर छापून आणला. जुना कॅनव्हास कपाटामागे ठेवला.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"फोटो. सगळाच्या सगळा माझा. तुझं चित्र आहेच की आत. पाया आहे."

त्याने कॅनव्हासवरून हात फिरवला. त्याच्या ब्रशचे फटकारे, ज्यांच्यावर त्याचा जीव, ते सगळे फरशीसारखे सपाट झाले होते. त्याचा चेहरा पाहून मला क्षणभर वाईट वाटलं. दुसऱ्या क्षणी त्याने पॅलेट उचललं आणि त्या छापील चित्रावर पुन्हा रंगवायला घेतलं. मग मला वाईट वाटायचं थांबलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. तो रंगवायचा, मी फोटो काढून छापून आणायची. तो त्यावर रंगवायचा, मी पुन्हा छापून आणायची. दर वेळी एकाचं काम दुसऱ्याच्या खाली गाडलं जायचं. कपाटामागे एवढे कॅनव्हास साठले की कपाट खोलीच्या मध्यावर आलं. बॅनरवाला प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "ताई, सावरा आता. किती दिवस असं?"

या सगळ्यात एकच माणूस सुखात होतं. नवऱ्याला रंगवायला समोर आई लागायची, म्हणून सासूबाईंना रोज खुर्चीत बसावं लागे, आणि त्या फुकट बसणाऱ्यांपैकी नाहीत. मला वाटायचं त्या बिचाऱ्या कंटाळल्या असतील. हळूहळू लक्षात आलं, पाणी कुठेतरी मुरतंय. चित्रातलं नाक लहान झालं होतं.

"नाक का लहान केलंस?" मी नवऱ्याला विचारलं.

"आई म्हणाली, 'छोट्या, जन्मभर एवढं मोठं नाक घेऊन फिरले, आता चित्रात तरी नको.'" माझा नवरा सहा फूट उंच आहे आणि त्याला छातीपर्यंत दाढी आहे, पण आईसाठी तो छोट्याच. "नाही कसं म्हणणार?"

मी त्याला भरपूर बोलले. एवढा खरा चेहरा होता, त्याची वाट लावलीस, वगैरे. मात्र त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं होतं, "अगं, तू ते संगणकावर करतेस ना, हनुवटीखालची ती घडी तेवढी काढून टाक. त्याला सांगू नकोस." ती घडी मी काढली होती. दुसऱ्या वेळी डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. मीही नाही कसं म्हणणार? रोज समोरासमोर जेवायला बसायचं असतं.

तर तो इकडून नाक कमी करतोय, मी तिकडून घड्या काढतेय, आणि दोघंही एकमेकांपासून लपवतोय. स्वेटर तेवढा खरा वाढत होता. पहिल्या फोटोत तळहाताएवढा होता, आता जमिनीला टेकला होता. शेवटी खुर्चीत बसली होती एक तिशीची सुंदरी, टाका सुटल्यावरसुद्धा गालात हसणारी.

"ही तर हुबेहूब मी," सासूबाई म्हणाल्या.

मग गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काम बघायला येणार होत्या.

त्या सकाळी कॅनव्हासवर सर्वात वरचा थर नवऱ्याचा होता, तोही ताजा. फोटो म्हणून दाखवायला अर्धी बाहुलीसुद्धा नव्हती. मी नवऱ्याला म्हणाले, "माझा हात कुठे दिसतोय यात? त्या मला बाहेर काढतील. तुझं नाव लागेल आणि मी पुन्हा तुझ्या बाजूला उभी राहून हसत बसेन."

"अंघोळ करून येतो, मग बघू," तो म्हणाला आणि गेला. जगबुडी आली तरी हा माणूस आधी अंघोळ करील.

मी एकटीच चित्रासमोर उभी. डोकं चालवलं. रंग ताजा आहे. खाली माझी छपाई आहे. चेहऱ्यावरचा रंग तेवढा पुसला की खालून फोटो निघेल. एवढं सोपं होतं आणि आजवर सुचलं कसं नाही, याचंच मला नवल वाटलं. त्याची ब्रश धुवायची बाटली घेतली, जुनी चिंधी घेतली आणि कपाळापासून सुरुवात केली.

रंग काय सुरेख निघाला म्हणून सांगू. खालून कपाळ आलं, भुवया आल्या, डोळे आले. माझा फोटो. मी खूश होऊन आणखी एक हात फिरवला, आणि भुवया चिंधीत आल्या. मग डोळे आले. मी घाबरून जोरात पुसायला लागले, की आणखी खाली काहीतरी असेलच. खाली पांढरं कापड होतं.

नवरा टॉवेलने दाढी पुसत बाहेर आला आणि त्याने माझ्या हातातली बाटली ओढून घेतली. "थिनर?" तो म्हणाला. "छापील शाईवर थिनर फासलंस?"

"त्या बाटलीवर सरबताचं लेबल आहे. त्यात काय असतं मला काय माहीत?"

"सरबत असेल म्हणून तू आईच्या तोंडाला चोळलंस?"

"आणि थिनरने शाई जाते हे तुला माहीत होतं का? मग कधी बोलला का नाहीस?"

"मला कसं माहीत असणार? शाई तुझी आहे."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला माझी शाई कळली नाही आणि मला त्याची बाटली. यावर आणखी बरंच बोलण्यासारखं होतं, पण बेल वाजली.

गॅलरीवाल्या बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. निळा पडदा, खुर्ची, विणणारे हात, जमिनीपर्यंत स्वेटर, गुलाबी कान, आणि दोन कानांच्या मध्ये काही नाही.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस आम्ही ज्यासाठी एकमेकांच्या उरावर बसलो होतो तोच प्रश्न. आता उत्तर द्यायला दोघांनीही वेळ लावला नाही.

"याने," मी म्हणाले.

"हिने," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा खाली केला. आता त्या ऐकणार होत्या, आणि माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "अहो, चेहरा वेगळा येणार आहे," मी म्हणाले. "इथे कापून गोल जागा करायची आणि मागून खरा फोटो बसवायचा. बाकी सगळं रंगवलेलं, मधोमध माझा फोटो. दोघांचे हात दिसतील."

बाई विचारात पडल्या. "हं," त्या म्हणाल्या. "हे चांगलं आहे."

खरंच चांगलं होतं. मुळात जे पहिल्या दिवशी ठरलं होतं तेच होतं. मी बॅनरवाल्याला फोन केला. "तो सगळ्यात पहिला फोटो. फक्त चेहरा पाठव. अंडाकृती. माप सांगते. उद्घाटनाच्या दिवशी थेट गॅलरीतच पोचव."

"फक्त चेहरा," तो म्हणाला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ताई, काही काळजी करू नका. सगळं साग्रसंगीत करतो."

मला वाटलं, मेला काम नीट करणार असं म्हणतोय.

नवऱ्याने तोंड फुगवून, पण अगदी सफाईने, चेहऱ्याची जागा कापली. गॅलरीत चित्र भिंतीवर न लावता मधोमध एका स्टँडवर उभं केलं, कारण फोटो मागून बसवायचा होता. उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्ही लवकर पोचलो. सासूबाई नव्या कपड्यांत, मी नव्या कपड्यांत. चित्राखाली कार्ड लागलं होतं आणि त्यावर माझं नाव आधी होतं. मी ते वाचून आले, थोडं फिरले, आणि पुन्हा जाऊन वाचलं.

पार्सल आलं. मी सगळ्यांसमोर उघडलं.

चेहरा होता. तो पहिला, खरा चेहरा, आठ्यांसकट. कडेने बॅनरवाल्याने हौसेने मऊ मऊ ढग काढले होते. आणि हनुवटीच्या जरा खाली, वळणदार अक्षरांत: 'तुमची उणीव सदैव भासत राहील.'

सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि शांतपणे वाचलं. "उणीव कुणाला भासणार आहे?" त्यांनी मला विचारलं. "तुला?"

"अहो आई, तो त्या माणसाचा गैरसमज झालाय. मी त्याला सांगितलं होतं—"

"आणि ही म्हातारी कोण?"

"तुम्हीच आहात."

"मी नाही ही. मला बसवून बसवून जी काढलीत ती मी. रोज पाठ मोडेपर्यंत बसले मी त्या खुर्चीत, ते शेवटी ढगात जायला?"

त्यांचा आवाज कापत होता. मला एकदम फार वाईट वाटलं. मी माझ्या फोटोसाठी भांडत होते, नवरा त्याच्या फटकाऱ्यांसाठी, आणि ज्यांचा तो चेहरा होता त्यांना आम्ही फक्त मान कुठे वळवायची तेवढं सांगत आलो होतो. मी म्हणाले, "मी कात्रीने खालचं कापून टाकते. ढगही कापते. दोन मिनिटांत होईल." पण तोवर सासूबाईंनी फोटोची घडी घातली होती. मग घडीची घडी घातली आणि पर्समध्ये कोंबून पर्स बंद केली. त्या पर्सची चेन एकदा लागली की देवालाही उघडत नाही.

जिन्यावर पावलं वाजायला लागली. लोक येत होते. गॅलरीवाल्या बाईंनी एकदा चित्राच्या भोकाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, आणि त्यांच्या नजरेतून माझं कार्ड स्टँडवरून उतरताना मला स्पष्ट दिसलं.

"छोट्या," सासूबाई म्हणाल्या, "स्टूल आण."

नवऱ्याला काही सुचत नव्हतं म्हणून त्याने आणलं. सासूबाई चित्रामागे गेल्या, स्टुलावर टेकल्या आणि भोकातून त्यांनी चेहरा बाहेर काढला. काय बसला म्हणता. ना इकडे बोटभर जागा, ना तिकडे. तेवढ्यात पहिले पाहुणे आत आले. एक टाय लावलेले गृहस्थ चित्राच्या अगदी जवळ गेले, वाकले, आणि चित्राने डोळे मिचकावले तसे दोन पावलं मागे उडाले.

"बघताय काय?" चित्र म्हणालं. "पुढे या. पडदा मुलाने काढलाय, बरा आहे. चेहरा मी स्वतः आणलाय."

झालं. सगळी गॅलरी आमच्या चित्रासमोर. बाकीची जोडपी आपापल्या कामांशेजारी एकटी उभी. सासूबाईंना कुणी प्रश्न विचारला की त्या उत्तर द्यायच्या, कुणी विचारला नाही तरी द्यायच्या. "किती दिवस लागले?" "मला विचारा, मी बसत होते." "मूळ कल्पना कुणाची?" "माझीच म्हणायची. हे दोघं मदतीला होते."

पाणी प्यायला त्या जरा उठल्या, तर एका बाईंनी पटकन मागे जाऊन स्वतःचा चेहरा भोकात घातला. त्यांच्या मैत्रिणीला हसू आवरेना. मग मैत्रीण गेली. मग टायवाले गृहस्थ. बघता बघता रांग लागली, आणि माझा दाढीवाला, मानी, फटकाऱ्यांवर जीव टाकणारा नवरा ती रांग सरळ करत फिरायला लागला. सासूबाई पाण्याचा ग्लास हातात घेऊन प्रत्येकाला सांगत होत्या, "आठ्या घाला. हसू नका, टाका सुटलाय असं समजा."

मी कार्डाजवळ उभी होते. कार्डावर माझं नाव होतं, आणि पूर्ण चित्रात माझ्या हातचं काही म्हणता काही नव्हतं. मला रडू येत होतं, आणि नव्या कपड्यांत ते बरं दिसलं नसतं म्हणून मी थांबले होते.

तेवढ्यात टायवाले गृहस्थ कार्ड वाचून माझ्याकडे आले. "माफ करा," ते अदबीने म्हणाले, "तुम्हीच का त्या फोटोग्राफर?"

माझ्या अंगावर काटा आला. गॅलरीत. अनोळखी माणसाने. नवरा कोण हे न विचारता.

"हो," मी म्हणाले. "मीच."

"देव पावला," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "आमच्या हिचा एक काढा ना. मी काढला तर डोकं कापलं जातं."

मी काढला. काय करणार? भोकातल्या त्यांच्या पत्नीला म्हटलं, हनुवटी जरा खाली घ्या, त्यांनी घेतली, आणि फोटो चांगला आला. मागच्याने लगेच आपला मोबाइल पुढे केला. त्याच्या मागच्याने पण. गॅलरीवाल्या बाईंनी हे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि खडू आणून माझ्या पायांपाशी जमिनीवर एक फुली मारली.

"तुम्ही इथेच उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "प्रदर्शन संपेपर्यंत."

जागा तशी वाईट नव्हती. चेहऱ्यांवर उजेड बरोबर समोरून पडत होता.